मेडिकल स्क्राइबच्या नोकरीत आता शिरावं का, आणि शिरायचं तर कसं

एआय आलंय, मग आता स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरसाठी पेशंटची नोट लिहिणाऱ्याचं, ट्रेनिंग घेऊ की नको, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते. मी साडेतीन वर्षं स्क्राइब होते, आधी ऑर्थोच्या ओपीडीत आणि मग इमर्जन्सीत, आणि आता दुसऱ्यांच्या नोट्स तपासायचं काम करते, त्यातल्या निम्म्याहून जास्त हल्ली मशीनने लिहिलेल्या असतात. तर माझं मत आधीच सांगून टाकते. नुसतं भराभर टाइप करणाऱ्याची नोकरी जाणार आहे, काही ठिकाणी गेलीच आहे. पण खोलीत काय घडलं ते ज्याला कळतं, जो पेशंट आत यायच्या आधी चार्ट वाचून ठेवतो आणि मशीनच्या नोटेतली चूक पकडतो, त्याला अजून काम आहे. म्हणून शिरायचं असेल तर जरूर शिरा, पण दीड-दोन वर्षांचा हिशोब करून शिरा आणि पुढे काय करणार ते पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या.

हे काम आलं कुठून ते आधी बघा

स्क्राइब म्हणजे डॉक्टर पेशंटला तपासत असताना शेजारी उभं राहून, नाहीतर लांब कुठेतरी हेडफोन लावून ऐकत, त्या भेटीची नोट लिहिणारा माणूस. काम मुळात अमेरिकेतलं. तिथे २००९ साली हायटेक कायदा आला आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वापरले की सरकारकडून पैसे मिळायला लागले. २००८ मध्ये तिथल्या दहातल्या एका हॉस्पिटलातही धड ईएचआर, म्हणजे हे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड, नव्हतं, २०१५ पर्यंत पाचातल्या चार हॉस्पिटलांत ते आलं. कागद गेला खरा, पण सगळं भरायचं ओझं डॉक्टरच्याच गळ्यात पडलं. २०१६ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला, ५७ डॉक्टरांच्या मागेमागे राहून वेळ मोजला होता, आणि त्यात पेशंटसमोरच्या दर एका तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि बाकीच्या टेबलावरच्या कामात जात होते, शिवाय घरी गेल्यावर रात्रीचे एक-दोन तास वेगळे. हे वाचलं की स्क्राइब का लागला ते कळतं.

आणि इथेच पुढचंही उत्तर आहे बघा. स्क्राइब ठेवतात ते डॉक्टरचा वेळ वाचावा म्हणून. तोच वेळ एखादं सॉफ्टवेअर स्वस्तात वाचवत असेल तर मालक सॉफ्टवेअर घेणार, त्यात भावनेचा प्रश्न येत नाही. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं हेच झालं. एकेकाळी डॉक्टरने रेकॉर्ड केलेलं ऐकून टाइप करणाऱ्यांची मोठी फौज होती, मग स्पीच रेकग्निशन आलं, ईएचआर आलं आणि ते काम आटत गेलं. त्यातले जे एडिटिंगकडे आणि मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे बिलासाठी आजारांना आणि उपचारांना कोड देण्याकडे, वळले ते टिकले, जे वाट बघत बसले त्यांचे हाल झाले.

मशीनने काय घेतलं आणि काय नाही

खोलीतलं बोलणं ऐकून आपोआप नोट बनवणारी टूल्स आता प्रयोग राहिलेली नाहीत. मायक्रोसॉफ्टने न्यूआन्स ही बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी सुमारे १९.७ अब्ज डॉलरला घेतली, २०२१ मध्ये जाहीर केलं आणि २०२२ मध्ये सौदा पूर्ण झाला, आणि या न्यूआन्सकडे असंच एक टूल होतं. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या डॉक्टरांच्या ग्रुपने असं एक टूल चालू केलं तर पहिल्या १० आठवड्यांतच ३,४४२ डॉक्टरांनी ३,०३,२६६ भेटींत ते वापरलं, हे २०२४ मध्ये छापून आलंय. एवढ्या भेटींना माणूस पुरवायचा म्हटला तर केवढी भरती लागली असती याचा विचार करा.

पण रोज या नोट्स वाचते म्हणून सांगते, कुठे गडबड होते ते ठरलेलं आहे. साधी फॉलोअपची भेट, शांत खोली, एक डॉक्टर एक पेशंट, बीपीची गोळी चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी या, हे मशीन छान लिहितं, माणसापेक्षा नीटनेटकं लिहितं. इमर्जन्सीत मात्र एकाच वेळी पेशंट, मुलगी, नर्स आणि दुभाष्या बोलत असतात. मुलगी म्हणते आई रक्त पातळ करायची गोळी रोज घेते आणि आई तिच्यामागे मान हलवते की नाही घेत. आवाजात फक्त मुलगी आहे. डॉक्टर पोटावर हात ठेवतो, पेशंट दुखतंय असं म्हणत नाही पण पोट कडक करतो, आणि डॉक्टर नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगतो. हे शेजारी उभा असलेला स्क्राइब बघतो आणि डॉक्टरला विचारतो की गार्डिंग लिहू का.

दुसरी गोष्ट न बोललेलं लिहिण्याची. व्हिस्पर नावाच्या स्पीच मॉडेलवर २०२४ मध्ये अभ्यास आला, त्यात साधारण १ टक्का ऑडिओ तुकड्यांत कोणी बोललंच नाही अशी वाक्यं सापडली, आणि बोलताना मध्येमध्ये लांब थांबणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे जास्त व्हायचं. आजारी माणूस थांबत थांबतच बोलतो हो. नोटेत तर ही चूक आणखी वाईट दिसते कारण ती चूक वाटतच नाही. मी एका नोटेत वाचलं की छातीत दुखत नाही असं पेशंटने सांगितलंय, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता. पुढच्या डॉक्टरने ती नोट वाचली तर तो समजणार की विचारून झालंय, आणि तो पुन्हा विचारणार नाही. अशा एका ओळीसाठी माणूस लागतो.

म्हणजे नोकरी शोधताना हे लक्षात ठेवा. साध्या ओपीडीच्या नोट्स लिहायच्या जागा कमी होत जातील, लांबून फक्त आवाज ऐकून लिहायच्या जागांना सगळ्यात जास्त धोका आहे कारण तिथे तुम्हाला आणि मशीनला सारखंच ऐकू येतं. इमर्जन्सी, ऑर्थो, जिथे प्रोसीजर जास्त असतात असे विभाग, भेटीआधी जुने रिपोर्ट काढून चार्ट तयार ठेवायचं काम, आणि एआय नोट तपासायचं काम, या बाजूने जा. जाहिरातीत हल्ली क्लिनिकल डॉक्युमेंटेशन, क्यूए (म्हणजे नोटांची गुणवत्ता तपासणं), चार्ट प्रेप, एआय स्क्राइब रिव्ह्यू असे शब्द येतात, नुसतं स्क्राइब टाकून शोधलंत तर अर्ध्या जागा दिसणारच नाहीत.

अजून एक गोष्ट, जी लोक विसरतात. या कामात माणसं टिकत नाहीत. बरेचसे स्क्राइब मेडिकल किंवा पीएला (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासणारा) ॲडमिशन मिळेपर्यंत क्लिनिकल अनुभव म्हणून हे करतात आणि वर्ष-दोन वर्षांत निघून जातात. त्यामुळे एकूण काम आक्रसत असलं तरी जागा निघत राहतात, आणि ॲडमिशनच्या हंगामाच्या आधी तर जास्तच. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि फक्त स्क्राइब म्हणून राहिलात तर तो फारसा वाढत नाही. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते.

तयारी कशी करायची

टायपिंग लागतंच, मिनिटाला ५०-६० शब्द चुका न करता यायला हवेत, पण त्यावर महिनाभर रोज अर्धा तास दिला की झालं. खरा वेळ शब्दांवर द्या. प्रत्यय आणि उपसर्ग आधी पाठ करा कारण हायपो आणि हायपर एका श्वासात ऐकू येतात आणि अर्थ बरोबर उलटा असतो. औषधांची नावं जोडीने शिका, एकेकटी नाही. हायड्रालाझिन बीपीचं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं आणि घबराटीचं, लॅमिक्टल फिटचं आणि लॅमिसिल बुरशीचं, सेलेब्रेक्स दुखण्याचं आणि सेलेक्सा डिप्रेशनचं. कानाला जवळजवळ सारखं लागतं, म्हणून औषध कशासाठी आहे ते माहीत असेल तरच तुम्हाला तिथल्या तिथे खटकेल की गुडघेदुखीच्या पेशंटला हे कसं काय दिलं.

आकड्यांचंही तसंच. पंधरा आणि पन्नासचे इंग्रजी उच्चार घाईत एकच वाटतात, विचारून घ्या, लाजू नका. जॉइंट कमिशन, म्हणजे अमेरिकेतली हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था, तिची वापरू नये अशा खुणांची यादी आहे, ती पाठच करून टाका. युनिटसाठी नुसतं यू लिहायचं नाही कारण ते शून्यासारखं दिसतं, १ मिलिग्रॅमला १.० लिहायचं नाही कारण टिंब दिसलं नाही की १० होतात, आणि एमएस असं लिहायचं नाही कारण ते मॉर्फिन सल्फेटही असू शकतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. इंटरव्ह्यूमध्ये यातलं एक जरी स्वतःहून सांगितलंत तर समोरच्याला लगेच कळतं की हा माणूस वाचून आलाय.

मग नोटेचा साचा. पेशंटने काय सांगितलं, डॉक्टरला काय दिसलं, डॉक्टरला काय वाटतंय, पुढे काय करायचं, याला सोप म्हणतात आणि सगळीकडे थोडाफार फरक करून हेच असतं. पण नवीन माणूस सगळ्यात जास्त अडकतो तो पहिल्या भागात, म्हणजे एचपीआयमध्ये, आत्ताच्या तक्रारीची हकीकत लिहिताना. पेशंट गोष्ट सांगतो, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ कधीच नसते. आमच्या ओपीडीत येणारी माणसं साधारण असं बोलायची, की परवा पायरी चुकली, पडलो नाही, पण त्याच्या आधी पण जरा दुखायचं, उतरताना जास्त, बायको म्हणाली शेक, शेकलं तर बरं वाटलं, सूज काल आली, कट असा आवाज आला होता तेव्हा. नवीन स्क्राइब लिहितो, उजवा गुडघा दुखतोय, सूज आहे. ही नोट काहीच कामाची नाही. हवं असं, की ५२ वर्षांचा पुरुष, २ दिवसांपासून उजव्या गुडघ्यात दुखणं, पायरीवर पाय चुकल्यावर सुरू झालं, पडले नाहीत, त्या वेळी कट असा आवाज आला, दुसऱ्या दिवशी सूज, जिना उतरताना वाढतं, शेकल्यावर कमी होतं, आधीपासून थोडं दुखणं होतं. आवाज त्याच वेळी आला आणि सूज दुसऱ्या दिवशी आली, या दोन गोष्टींवरून डॉक्टर लिगामेंटचा आणि मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या गादीचा) विचार करतो, लॅकमन आणि मॅकमरे या गुडघ्याच्या चाचण्या करून बघतो. तुम्ही त्या दोन गोष्टी गाळल्यात तर डॉक्टरने ते का केलं हे नोटेवरून कोणालाच कळणार नाही.

सराव असा करा. डॉक्टर-पेशंट संवादाचे सरावासाठी केलेले व्हिडिओ मिळतात, दहा मिनिटांचा एक घ्या, न थांबवता, मागे न नेता ऐकत ऐकत एचपीआय लिहा आणि बंद करा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न बघता फक्त स्वतःची नोट वाचा आणि स्वतःला विचारा की हा पेशंट मला डोळ्यांसमोर दिसतोय का, कधीपासून, कुठे, कसं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, कुठे पसरतं. मग व्हिडिओ लावून तपासा. मी हे तीस वेळा केलं होतं आणि विसाव्यानंतर फरक पडला, त्याआधी नुसता वैताग येत होता, तेव्हा पाच-सहा वेळा करून सोडू नका. आता त्यात एक भर घाला, तोच व्हिडिओ एखाद्या टूलला ऐकवून त्याची नोट घ्या आणि त्यातल्या चुका शोधा, कारण उद्या तुमचं काम हेच असणार आहे. खऱ्या पेशंटचं रेकॉर्डिंग मात्र चुकूनही कुठल्या फुकटच्या टूलमध्ये टाकायचं नाही.

बिलिंग समजून घ्या, पुढे तेच उपयोगी पडतं

हे बहुतेक स्क्राइब शिकत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून ओपीडीच्या भेटीची लेव्हल, जिच्यावर बिल ठरतं ती, शरीराच्या किती सिस्टिमबद्दल विचारलं आणि किती अवयव तपासले यावर ठरत नाही, डॉक्टरने किती गुंतागुंतीचा विचार केला किंवा त्या दिवशी एकूण किती वेळ दिला यावर ठरते, आणि २०२३ पासून हॉस्पिटल आणि इमर्जन्सीलाही हे लागू झालं, फक्त इमर्जन्सीत वेळेवर नाही, विचारावरच. म्हणजे नोटेतला सगळ्यात मोलाचा भाग आता एमडीएम, म्हणजे डॉक्टरने निर्णय कसा घेतला तो भाग, झालाय. डॉक्टरने जुना ईसीजी स्वतः बघितला का, दुसऱ्या डॉक्टरशी बोलला का, भरती करायचा विचार करून मग घरी पाठवला का, हे बोलून दाखवलं जातंच असं नाही आणि म्हणून मशीनच्या नोटेत सुटतं. तुम्ही शिफ्टच्या शेवटी डॉक्टरला विचारलंत की मगाशी तुम्ही हृदयाच्या डॉक्टरला फोन केला होता तो नोटेत घालू का, तर त्या डॉक्टरला तुमची किंमत त्याच दिवशी कळते.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात मी उजव्या गुडघ्याऐवजी डावा लिहिला होता, भेट संपल्यावर आठवणीने लिहीत होते म्हणून. डॉक्टरने सही करायच्या आधी पकडलं, म्हणून निभावलं. पण तेव्हा कळलं की आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या यादीत उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचा कोड एम२५.५६१ आणि डाव्याचा एम२५.५६२, शेवटचा एक आकडा, आणि एमआरआयची मंजुरी एका गुडघ्याची आणि नोट दुसऱ्या गुडघ्याची असली की सगळं अडकतं, पेशंट बिचारा फोन करत बसतो. त्या दिवसापासून मी बाजू आधी टाइप करते आणि दुखणं नंतर.

इंटरव्ह्यूत तुम्हीही विचारा

ट्रेनिंगचे पैसे मिळतात का, आणि मध्येच सोडलं तर परत मागतात का, हे लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एकीने हे विचारलं नाही आणि तीन महिन्यांनी सोडताना तिच्या शेवटच्या पगारातून ट्रेनिंगचे पैसे कापले, कागद बघितला तर तिची सही होती. एका शिफ्टला किती डॉक्टर आणि किती पेशंट, सोबत पहिल्या किती शिफ्ट अनुभवी माणूस असणार, एआय टूल चालू आहे का, असेल तर स्क्राइबचं काम त्यानंतर काय बदललं, हे सरळ विचारा. शेवटच्या प्रश्नाला जिथे गोलमोल उत्तर मिळेल तिथे सहा महिन्यांनी काय होईल सांगता येत नाही. उलट जिथे सांगतात की आता तीन डॉक्टरांच्या नोट्स एक माणूस तपासतो, तिथे काम वाढलेलं असलं तरी निदान त्यांना माणूस हवाय. लांबून काम असेल तर समोरच्या देशाच्या वेळेप्रमाणे रात्र काढावी लागते, आणि तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ बदललं की तुमची शिफ्टही एक तास सरकते, तेही धरून चला.

नियमांत तडजोड नाही. स्वतःच्या लॉगिनने लिहायचं, डॉक्टर कितीही घाईत असला आणि म्हणाला माझ्याच लॉगिनने टाक तरी नाही. औषधाची किंवा तपासणीची ऑर्डर आपण पाठवायची नाही. डॉक्टरने न केलेली तपासणी टेम्प्लेटमध्ये आहे म्हणून ठेवून द्यायची नाही. आणि पेशंटची माहिती बाहेर काढायची नाही, १९९६ च्या हिपा कायद्याखाली हे नोकरी जाण्यापुरतं राहत नाही. शिवाय एप्रिल २०२१ पासून तिथल्या पेशंटला स्वतःच्या नोट्स ऑनलाइन वाचता येतात, तेव्हा पेशंट तक्रारखोर आहे असलं काही लिहिलंत तर ते तोच माणूस वाचणार आहे. लिहिताना तो समोर बसलाय असं समजून लिहा.

पुढे कुठे

डॉक्टर, पीए किंवा नर्सिंगकडे जायचं असेल तर स्क्राइबगिरीसारखा अनुभव दुसरीकडे मिळत नाही, रोज वीस-पंचवीस केसेसचा विचार तुमच्या कानावरून जातो. तिकडे जायचं नसेल तर कोडिंगचं सर्टिफिकेट घ्या, नोकरी चालू असतानाच घ्या. तिथून क्लिनिकल डॉक्युमेंटेशन सुधारणा, ऑडिट, क्यूए, किंवा डॉक्टरांना ईएचआर आणि एआय टूल शिकवायचं काम, या वाटा निघतात. कोडिंगमध्येही मशीन येतंयच, तेव्हा तिथेही तपासणाऱ्याच्या बाजूने शिका.

आणि पहिल्या शिफ्टपासून एक वही ठेवा. पेशंटचं नाव, तारीख, वय, काहीही त्यात नको, फक्त चूक काय होती आणि कशावरून पकडली एवढंच, म्हणजे न विचारलेलं लक्षण लिहिलं होतं, औषधाचं नाव आजाराशी जुळत नव्हतं, मुलीचं बोलणं आईच्या नावावर गेलं होतं. वर्षभरात माझ्या वहीत दोनशेच्या वर नोंदी झाल्या आणि आत्ताच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं की एआयच्या नोटेत तू नक्की काय बघशील, तेव्हा मी तिथे बसून त्यातले बारा प्रकार सांगितले.